बाटली भरली, रिपोर्ट यायचाय

सेंट लुइस शहराच्या आरोग्य खात्याकडे जिम नावाचा एक घोडा होता. आधी तो दुधाची गाडी ओढायचा. पुढे त्याला घटसर्पाचं विष थोडं थोडं टोचून घ्यायचं आणि रक्त द्यायचं काम लागलं. त्या रक्ताच्या निवळीतून घटसर्पावरचं औषध निघे. असं सुमारे 28 लिटर औषध त्या एका जनावरानं दिलं होतं. 2 ऑक्टोबर 1901 ला जिमला धनुर्वात झाल्याचं दिसलं आणि त्याला मारून टाकलं. पण त्याआधी दोनच दिवस, 30 सप्टेंबरला, त्याचं रक्त काढलेलं होतं. ते वापरलं गेलं आणि 13 मुलं धनुर्वातानं गेली.

चौकशीत एक गोष्ट निघाली. 30 सप्टेंबरच्या निवळीतल्या काही बाटल्यांवर 24 ऑगस्टची चिठ्ठी होती. 24 ऑगस्टची खरी निवळी निर्दोष होती. वापरण्याआधी नीट तपासणी केली असती, तर 30 सप्टेंबरच्या निवळीतला दोष सहज सापडला असता.

माझी सगळी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. त्यामुळे या हकिगतीत मला घोड्याआधी ती चिठ्ठी दिसते. नव्या पोरापोरींना मी जिमची गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगायचे. त्यांना वाटायचं, मॅडम जंतुसंसर्गाबद्दल बोलताहेत. मी बोलत असायचे ते बाटली भरणं आणि बाटलीत काय आहे ते कळणं यांच्यामधल्या दिवसांबद्दल. जिमच्या निवळीसारखी अँटिबॉडीची औषधं बनवण्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास माझ्या मते या मधल्या दिवसांचा इतिहास आहे. अमेरिकेत 1 जुलै 1902 ला जीवजन्य औषधांवरचा पहिला कायदा झाला, तो या 13 मुलांमुळे आणि त्याच सुमारास कॅमडेनमध्ये देवीच्या लशीनंतर धनुर्वातानं दगावलेल्या मुलांमुळे. आमच्या धंद्यातले बरेच नियम असेच कुणीतरी गेल्यावर आलेत.

जर्मनीत मात्र या प्रश्नाला आधीच हात घातला होता. 1890 मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की, विष पचवलेल्या प्राण्याची निवळी दुसऱ्या प्राण्याला वाचवते. 1894 पासून होएक्स्ट कंपनी घटसर्पाचं औषध विकायला लागली आणि लगेच अडचण उभी राहिली. प्रत्येक घोड्याची ताकद वेगळी, त्याच घोड्याच्या दर खेपेच्या रक्ताची ताकद वेगळी. डॉक्टरांनी किती टोचायचं? बर्लिनजवळच्या स्टेग्लिट्झला 1896 मध्ये यासाठीच एक संस्था निघाली आणि तिथं पाउल एर्लिखनं पुढच्या वर्षी मापनाची रीत बसवून दिली. एक निवळी वाळवून, निर्वात नळीत बंद करून, प्रमाण म्हणून ठेवायची. बाकी सगळ्या निवळ्या तिच्याशी ताडायच्या. ताडायचं कसं, तर ठरावीक विष आणि ठरावीक निवळी मिसळून 250 ग्रॅम वजनाच्या गिनीपिगला टोचायची आणि तो चौथ्या दिवशी मरतो की जगतो ते पाहायचं. आजही जगभर बरीच जैविक औषधं युनिटमध्ये मोजतात, त्याचं मूळ इथं आहे. मोजण्याचं यंत्र एक जिवंत प्राणी होता आणि त्याला उत्तर द्यायला चार दिवस लागत होते.

आपल्याकडे हे शास्त्र आलं ते प्लेगाबरोबर. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या मार्चमध्ये अलेक्झांडर येरसँ घोड्यांच्या रक्तातून काढलेली प्लेगविरोधी निवळी घेऊन मुंबईत उतरला. मुंबईत तिचे निकाल निराशाजनक लागले. मग लुस्टिग या इटालियन प्राध्यापकाची निवळी आली. डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी ती आर्थर रोडच्या रुग्णालयात रुग्णांवर वापरून पाहिली. हाफकिन या शास्त्रज्ञाची प्लेगवरची लस हा वेगळा मार्ग. ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बनू लागली आणि 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी 53-एन क्रमांकाच्या एका बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. दोष परळचा की गावात बाटली उघडतानाचा, यावर पाच वर्षं वाद चालला. हाफकिनची नोकरी गेली. शेवटी 1907 मध्ये रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर तो सुटला. 1925 पासून परळच्या त्या वास्तूला त्याचंच नाव आहे.

मुलकोवालची बाटली मला छळते ती वेगळ्या कारणानं. जी बाटली तपासली ती वापरता येत नाही आणि जी वापरली ती कधी तपासलेलीच नसते. आजही निर्जंतुकतेच्या चाचणीला मोठ्या बॅचमधून 20 कुप्या घेतात. समजा, हजारात एक कुपी दूषित आहे. तर 20 कुप्यांत ती सापडण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के. हे गणित मी फळ्यावर मांडलं की प्रॉडक्शनची माणसं खुशीत येत आणि क्यूसीची गप्प होत. दोघांनाही त्यातलं पुढचं वाक्य ऐकवावं लागे: चाचणीनं माल चांगला होत नाही, बनवतानाच लक्ष ठेवावं लागतं. पण बनवताना पाहणार कशानं? तेव्हा तशी साधनंच नव्हती.

माझी सुरुवात सापाच्या लशीपासून झाली. लोक लस म्हणतात. खरं तर ती घोड्याच्या रक्तातली तयार अँटिबॉडी असते आणि दवाखान्यात तिला एएसव्ही म्हणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला वाढत्या मात्रेत टोचायचं. विष यायचं ते बहुतेक मद्रासजवळच्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून. 1978 मध्ये ती स्थापन झाली, पिढ्यान्‌पिढ्या साप धरणाऱ्या लोकांची. घोड्याचं रक्त काढून निवळी ठेवायची, लाल पेशी त्याला परत द्यायच्या. मग पेप्सिननं अँटिबॉडीची शेपटी तोडायची, कारण त्या तुकड्यामुळे रोग्याला रिॲक्शन येण्याची भीती जास्त. अमोनियम सल्फेटनं प्रथिनं वेगळी करायची, गाळायची, कुपीत भरून गोठवून वाळवायची.

भरलेल्या कुप्यांच्या खोक्यावर पिवळं लेबल लागे, ‘अंडर टेस्ट’. हिरवं लागलं की माल सुटला, लाल लागलं की गेला. पिवळ्याचा रंग उतरेपर्यंत ते खोकं गोदामात बसे. आमच्या दारात डिस्पॅचचा माणूस उभा राही: “बाई, रिपोर्ट आला का? पावसाळा सुरू झालाय, कोकणातून फोनवर फोन येताहेत.” त्याचं चूक नव्हतं. भातलावणीच्या दिवसांत साप चावण्याचं प्रमाण वाढतं. माल तयार होता आणि आम्ही अडवून बसलो होतो.

का अडवायचो? भारतीय औषधसंहिता सांगते की, एक मिली औषधानं नागाचं 0.6 मिलिग्रॅम, घोणशीचं 0.6, मण्यारीचं 0.45 आणि फुरशाचं 0.45 मिलिग्रॅम विष निकामी केलं पाहिजे. हे पाहायला उंदीर लागत. विष आणि औषध मिसळून अर्धा तास 37 अंशांवर ठेवायचं, मग उंदराच्या शेपटीतल्या शिरेत टोचायचं. शेपूट आधी कोमट पाण्यात धरायची, म्हणजे शीर वर येते. पांढरा उंदीर हातात शांत राहायला शिकवावा लागत नाही, आपल्यालाच शिकावं लागतं. टोचून झाल्यावर पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि एकदोन दिवस वाट पाहायची. एका सापासाठी एवढं, असे चार साप.

मग ससे. औषध टोचल्यावर ताप आणणारं काही त्यात शिल्लक आहे का, हे तीन सशांना टोचून, तीन तास त्यांचं तापमान घेऊन कळे. ससा भितरा. कुणी दार आपटलं तरी त्याचं तापमान चढतं. म्हणून आधी नुसतंच बसवून, न टोचता, सवय करून घ्यावी लागे. सशांच्या खोलीत आम्ही कुजबुजत बोलायचो, चपला बाहेर काढायचो. पुढे नालखेकड्याच्या रक्तापासून केलेली चाचणी आली. या खेकड्याचं निळसर रक्त जंतूंच्या विषाशी गाठ पडली की गोठतं, हे फ्रेडरिक बँगनं 1956 मध्ये मांडलं होतं. अमेरिकेत 1977 मध्ये तिला मान्यता मिळाली. आमच्या हाती पडायला वेळ लागला. नळी तासभर 37 अंशांवर ठेवायची आणि उलटी करायची. गोळा खाली पडला नाही तर माल नापास. ससे घरी गेले असं म्हणत नाही, पण आमची खोली रिकामी झाली. तीन तासांचा एक तास झाला, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

दरम्यान केंब्रिजला 1975 मध्ये क्योलर आणि मिलस्टीन या दोघांनी उंदराच्या प्लीहेतली पेशी कर्करोगी पेशीशी जोडून एकाच प्रकारची अँटिबॉडी न थांबता देणारी पेशी तयार केली. पेटंट घेतलं नाही. 1984 मध्ये नोबेल मिळालं. या तंत्रातून आलेलं पहिलं औषध, ओकेटी-3, 1986 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. मूत्रपिंड बदलल्यावर शरीर ते नाकारू लागलं तर द्यायचं. ते उंदरांच्या पोटातल्या पाण्यातून गोळा करत. नंतर चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातल्या पेशींनी ही जागा घेतली. त्या थिओडोर पकनं 1957 मध्ये वेगळ्या केल्या होत्या आणि आजची बहुतेक अँटिबॉडी औषधं त्यांच्यातच बनतात. आपल्याकडे बायोकॉनचं बायोमॅब 2006 मध्ये आलं, पुढच्या वर्षी डॉ. रेड्डीजचं रेडिटक्स. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला 2016 मध्ये रेबीजवरच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचा परवाना मिळाला. जे काम घोड्याची निवळी करत होती, ते काम टाकीतल्या पेशी करायला लागल्या.

मीही याच काळात तबेला सोडून टाकीकडे आले, पुण्याजवळच्याच एका कारखान्यात. घोडे गेले, उंदीर बरेचसे गेले, वास पूर्ण गेला. वाट पाहणं वाढलं.

हे लोकांना पटत नाही, म्हणून सांगते. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूचं वजन 180 आणि अँटिबॉडीचं दीड लाखाच्या घरात. शिवाय एका कुपीतले सगळे रेणू अगदी सारखे नसतात. अँटिबॉडीच्या दोन्ही जड साखळ्यांवर 297 व्या जागी साखरेची एक छोटी झाडी लटकते. पेशी उपाशी आहे की तृप्त, टाकीत आम्लता किती, माल किती दिवस टाकीत पडून आहे, यावर त्या झाडीच्या फांद्या बदलतात. त्यातली फ्यूकोज नावाची एक साखर कमी झाली, तर कर्करोगाच्या पेशी मारण्याची अँटिबॉडीची ताकद वाढते. म्हणजे औषध तेच, नाव तेच आणि जोर वेगळा.

एक बॅच टाकीत साधारण दोन आठवडे वाढते. आम्ही दिवसातून एकदा नमुना काढायचो, पेशी मोजायचो, ग्लुकोज आणि लॅक्टेट पाहायचो. आम्लता, तापमान आणि प्राणवायू यांच्या काड्या टाकीतच बसवलेल्या असत, त्या चोवीस तास सांगत. बाकी सगळं नंतर. टाकी रिकामी झाली की नमुना मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूच्या चाचणीला जाई, ती 28 दिवसांची. विषाणूंची चाचणीही जवळपास तितकीच. माल मात्र आठ-दहा दिवसांत गाळून, प्रोटीन-ए च्या कॉलममधून काढून शुद्धही होई. त्याला कारखान्यात ‘अ‍ॅट रिस्क’ पुढे नेणं म्हणतात. परीक्षेचा निकाल लागायच्या आत मूल पुढच्या वर्गाची पुस्तकं घेऊन बसलेलं. शेवटी कुपीतल्या मालाची निर्जंतुकता, 14 दिवस. ही चाचणी आता झटपट करण्याच्या रीती आल्या आहेत, मायकोप्लाझ्मालाही पीसीआर आहे. पण मी बोलतेय त्या काळात आमच्या कॅलेंडरवर बॅचच्या नावांच्या आडव्या रेघाच रेघा असत.

सप्टेंबर 2004 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं एक मार्गदर्शिका काढली. मथितार्थ असा, की दर्जा शेवटी तपासून ठरवण्यापेक्षा प्रक्रिया चालू असताना मोजत राहा आणि मोजमापाप्रमाणे प्रक्रिया सावरा. पहिल्यांदा गोळ्या बनवणाऱ्यांनी ती मनावर घेतली, कारण पावडर नीट मिसळली की नाही हे अवरक्त किरणांनी पाहणं सोपं होतं. आमच्या टाकीत पाणी, आणि पाणी अवरक्त किरण पिऊन टाकतं.

इथं कलकत्ता मदतीला आलं. बहुबाजारातल्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत 28 फेब्रुवारी 1928 ला चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी जे पाहिलं, ते असं: पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला, तर परतणाऱ्या प्रकाशातला अगदी अल्प भाग रंग बदलून येतो आणि तो बदल त्या रेणूची ओळख असतो. पाण्याचा रामन संकेत फिका असतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेलं ग्लुकोज त्यात वाचता येतं. 785 नॅनोमीटरचा लेसर, पोलादी नळीच्या टोकाला नीलमण्याची काचेसारखी खिडकी, ती टाकीत खुपसलेली. 2011 मध्ये एका शोधनिबंधात प्राणिपेशींच्या टाकीत अशा एकाच काडीनं ग्लुकोज, लॅक्टेट, पेशींची संख्या असं बरंच काही एकदम वाचून दाखवलं. दर काही मिनिटांनी वाचन, नमुना न काढता. राष्ट्रीय विज्ञान दिनाला शाळाशाळांतून रामनांचा फोटो लावतात. त्यांचा प्रकाश अँटिबॉडीच्या टाकीत काय करतो, हे त्या भाषणांत कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

माझं या काडीवर प्रेम आहे, आंधळं नाही. ती ग्लुकोज ‘पाहत’ नाही. ती शेकडो रेघांचा एक गुंता पाहते आणि संगणक त्यातून अंदाज काढतो. तो अंदाज शिकवायला आधी कितीतरी बॅचेसचे नमुने जुन्याच पद्धतीनं काढून मोजावे लागतात. एका माध्यमावर शिकलेला अंदाज दुसऱ्या माध्यमावर घसरतो. पडद्यावर हिरवी रेघ सरळ चाललेली पाहून निवांत होणाऱ्या पोरांना मी रोजचा नमुना बंद करू देत नव्हते. आणि टाकीत विषाणू शिरला तर ही काडी त्याचं नाव सांगत नाही.

2009 मध्ये बॉस्टनजवळच्या ऑलस्टनला जेन्झाइम कंपनीच्या कारखान्यात व्हेसिव्हायरस 2117 नावाचा विषाणू हॅमस्टरच्या पेशींत सापडला. तिथं अँटिबॉडी नाही, एन्झाइमं बनत होती, पण पेशी याच. कारखाना बंद करून धुवावा लागला. गोशे आणि फॅब्री या दुर्मीळ आजारांच्या रुग्णांना औषध पुरेना.

दुसरी गोष्ट अशी जोरात येत नाही, हळू सरकते. 2017 मध्ये एका कोरियन गटाचा अभ्यास छापून आला. बाजारातून अनेक वर्षं जमवलेल्या हर्सेप्टिन या कर्करोगावरच्या अँटिबॉडीच्या बॅचेस त्यांनी तपासल्या होत्या. 2018 च्या ऑगस्टपासून 2019 च्या डिसेंबरपर्यंत मुदत असलेल्या काही बॅचेसमध्ये त्या फ्यूकोजचं प्रमाण सरकलेलं होतं आणि पेशी मारण्याची ताकद कमी झाली होती. हर्सेप्टिन म्हणजे मूळ औषध, ज्याच्याशी ताडून बाकीच्यांनी आपला माल बनवायचा. एर्लिखनं वाळवून नळीत बंद केलेलं प्रमाण अशासाठीच होतं. साखरेचं हे सरकणं एकेक बॅच पाहून दिसत नाही, ओळीनं मांडून पाहिली की दिसतं. म्हणून आता अँटिबॉडीचे तुकडे करून वस्तुमान मोजणारी यंत्रं साखर, ऑक्सिडेशन आणि आणखी चारपाच गोष्टी एकाच फेरीत मोजतात. पूर्वी त्याला चारपाच वेगळ्या चाचण्या आणि चारपाच वेगळे भांडणारे विभाग लागत.

आता टाकीही थांबत नाही. एका बाजूनं ताजं माध्यम आत, दुसऱ्या बाजूनं माल बाहेर, पेशी गाळणीनं आतच अडवलेल्या, असं आठवडेच्या आठवडे चालतं. पद्धत नवी नाही, इन्फ्लिक्सिमॅब हे अँटिबॉडीचं औषध नव्वदच्या दशकापासून असंच बनतं. नवं हे की, पुढचे कॉलमही त्याला जोडून एकामागून एक फिरत राहतात. पुण्याजवळ चाकणच्या पट्ट्यात एन्झीन कंपनी अशा सलग पद्धतीनं अँटिबॉडी बनवते. दिल्लीच्या आयआयटीत अनुराग राठौर यांचा गट या वाहत्या मालाचं मोजमाप करण्यावर बरीच वर्षं काम करतोय.

अशा कारखान्यात माल कधी संपत नाही, मग सही कशावर करायची? नोव्हेंबर 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनं, क्यू-13 नं, मुभा दिली आहे. बॅच वेळेवरून ठरवा, आत गेलेल्या मालावरून ठरवा किंवा बाहेर आलेल्या मालावरून, पण आधी ठरवा. गडबड कुठं झाली आणि ती नळ्यांतून किती मिनिटांनी बाहेर पडेल, हे रंग किंवा मीठ सोडून आधीच मोजून ठेवायचं. मोजमाप सरकलं की झडप फिरते, तेवढाच माल बाजूला जातो, बाकीचा चालत राहतो. आमच्या वेळी एका घसरणीवर पूर्ण टाकी लाल लेबलात जायची.

माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आता अशाच ठिकाणी क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये आहे. मागे त्यानं फोन केला. पहाटे झडप आपोआप फिरली, चाळीस मिनिटांचा माल बाजूला गेला, परत फिरली. सकाळी हा आला तेव्हा सगळं सुरळीत. “मॅडम, माल चांगला आहे. पण मी सही करू ती त्या चाळीस मिनिटांवर, की झडपेवर?”

मी म्हटलं, “अरे, दोन्हीवर. झडप उघडायच्या आधीची दहा मिनिटं आणि बंद झाल्यानंतरची दहा मिनिटं काढून ठेवलीत का ते आधी बघ. आणि काडीचं शेवटचं कॅलिब्रेशन कुणी केलंय, त्याला फोन लाव.”